आपल्या पायाखालचा लाव्हा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, किल्लारीच्या भूकंपाने आपल्या बीदर-कलबुर्गीतील घरेही हादरली. तेव्हापासून जमिनीत गडगडले, की मुले विचारतात, "इथे ज्वालामुखी फुटेल का?" याचे उत्तर आपण समजून घेऊ.

ज्वालामुखी कुठेही होत नाहीत. पृथ्वीचे कवच मोठमोठ्या तुकड्यांचे आहे. दोन तुकडे दूर सरतात तिथे (उदा. आइसलँड), एक दुसऱ्याखाली शिरतो तिथे, किंवा खोलवरून उष्ण खडक वर येतो तिथे (उदा. हवाई बेटे) ते तयार होतात. भारतातला जागृत ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर आहे. तिथे आपलाच तुकडा शेजारच्या तुकड्याखाली शिरतो.

उद्रेकाची तऱ्हाही वेगवेगळी असते. शिलारस घट्ट असला, तर वायू आत कोंडतो आणि स्फोट होतो; १८८३ साली क्राकाटोआचा असाच झाला. शिलारस पातळ असला, तर तो शांतपणे वाहतो. कधी डोंगराच्या तोंडातून नव्हे, तर जमिनीच्या लांबलचक भेगांतून वाहतो.

आपल्या दख्खनचे असेच झाले. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले. आपले जिल्हे त्या पठाराच्या आग्नेय कडेला येतात. म्हणून कलबुर्गीत काळ्या कातळाजवळच शहाबादी फरशीचा चुनखडक सापडतो. तो लाव्ह्याच्या कितीतरी आधी समुद्रतळाशी साचला होता. तूर पिकवणारी काळी माती याच काळ्या कातळाची झीज आहे. बीदरला तोच कातळ ऊन-पावसाने कुजून तांबडा जांभा झाला. बीदरच्या किल्ल्यात तोच वापरला आहे. सच्छिद्र जांभ्यातून पाणी झिरपते, खालच्या घट्ट थरावर अडते. बहमनी काळातील 'सुरंग बावी' याच पाण्यावर चालत असे.

मग ज्वालामुखीची भीती? ती बाळगायला नको. तो लाव्हा केव्हाच थंड झाला. किल्लारीचा भूकंप कवचातील जुन्या भेगेवरचा ताण सुटल्याने झाला, ज्वालामुखीने नव्हे. त्यात सुमारे दहा हजार माणसे गेली, कारण मातीत रचलेल्या जड दगडी भिंती झोपेतल्या माणसांवर कोसळल्या. तेव्हा मुलांना ज्वालामुखीचे भय घालण्यापेक्षा घराच्या भिंती एकदा तपासू या, आणि नव्या बांधकामात आडवे पट्टे घालायला विसरू नये.