थेंबभर साक्याची साक्ष

छत्रपती संभाजीनगरात ‘घाटी’ म्हटलं की पत्ता सांगावा लागत नाही. १९५६ साली सुरू झालेलं इथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय मराठवाड्याचा मोठा आधार आहे. तिथे असो वा गल्लीतल्या खासगी लॅबमध्ये, डॉक्टर हमखास लिहून देतात ती लघवीची तपासणी. रिपोर्टवर ‘पस सेल्स २-३’ एवढंच वाचून आपण तो घडी घालून ठेवतो. तो आकडा मात्र कुणीतरी डोळा लावून मोजलेला असतो.

रीत साधी, पण शिस्तीची. दहा-बारा मिली ताजी लघवी नळीत घेऊन सेंट्रीफ्यूजवर बेताच्या वेगानं पाच मिनिटं फिरवायची. वरचं पाणी ओतून दिलं की तळाशी अर्धा मिली गाळ, म्हणजेच साका, उरतो. तो हलवून थेंबभर साका काचपट्टीवर घ्यायचा, वर कव्हरस्लिप. सूक्ष्मदर्शकाचा कंडेन्सर खाली घेऊन उजेड कमी करायचा. लख्ख उजेडात मूत्रपिंडाच्या नलिकांत बनलेले पारदर्शक साचे, म्हणजे कास्ट, दिसतच नाहीत. आधी दहाच्या भिंगाखाली काच कडेपर्यंत पाहायची, मग चाळीसच्या भिंगाखाली पेशी मोजायच्या.

या साक्यातला सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे कास्ट. मूत्रपिंडाच्या नलिका युरोमोड्युलिन नावाचं प्रथिन स्रवतात. ते आतच गोठलं की नलिकेच्या आकाराचा साचा बनतो आणि त्या वेळी नलिकेत जे असेल ते त्यात अडकतं. म्हणून लाल पेशींचा कास्ट दिसला, की रक्त खुद्द मूत्रपिंडातून येतंय हे कळतं. पांढऱ्या पेशींचा कास्ट मूत्रपिंडातला दाह किंवा संसर्ग दाखवतो. १९७९ साली मेलबर्नच्या बर्च आणि फेअरली यांनी सुट्या लाल पेशींनाही बोलतं केलं: मूत्रपिंडाच्या गाळणीतून आलेल्या पेशी वेड्यावाकड्या, खालच्या मार्गातल्या बहुतेक एकसारख्या गोल.

शेतात घोणस चावलेल्या माणसाची लघवी कधी लाल होते, लघवीत बुडवायची तपासणीची पट्टीही रक्त दाखवते. पण साक्यात लाल पेशीच नसतील, तर तो रंग फुटलेल्या पेशींच्या हिमोग्लोबिनचा किंवा स्नायूंमधल्या मायोग्लोबिनचा असू शकतो. पुढे मातकट तपकिरी, कणीदार कास्ट दिसू लागले, तर नलिकांना इजा झाल्याचा तो इशारा असतो.

मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, अंगातलं पाणी घामावाटे जातं, लघवी घट्ट होते. मग पाकिटाच्या पाठीसारखी फुली असलेले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक दिसतात. ते दिसले म्हणजे मुतखडा झालाच असं नव्हे; नमुना फ्रिजमध्ये ठेवला तरी स्फटिक साचतात. सिस्टीनच्या षटकोनी स्फटिकाकडे मात्र कधीच दुर्लक्ष करू नये.

साक्याच्या तपासणीचं महाराष्ट्रातलं मोठं उदाहरण कोकणात सापडतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीतून रक्त जाण्याच्या आजारामागे शिस्टोसोमा हा कृमी असल्याचं गाडगीळ आणि शहा यांनी १९५२ साली मांडलं. हा आजार मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतला. त्या कृमीची टोकाशी काटा असलेली अंडी साक्यातच शोधावी लागतात. त्यासाठी पहाटेचा नव्हे, दुपारचा नमुना उत्तम. कोणता नमुना घ्यायचा, हे असं आजारावर ठरतं.

आज मोठ्या लॅबमध्ये यंत्रं पेशी मोजतात. गर्दीत त्यांची मदत मोठी आहे. पण वाकडी लाल पेशी आणि दुर्मीळ कास्ट ओळखायला जाणता डोळाच लागतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाचा साका यंत्रावर सोडून देऊ नये, हे माझं ठाम मत आहे. नवशिक्या तंत्रज्ञांना त्यासाठी शांत वेळ द्यायला हवा.

तो डोळाही शिळ्या नमुन्यापुढे हतबल होतो. दोन तास उलटले की पेशी फुटू लागतात, कास्ट विरघळतात, जंतू वाढतात. सिल्लोड-कन्नडहून एसटीनं उन्हात आलेल्या बाटलीचं तर विचारायलाच नको. म्हणून वाचकहो, एवढं करा: घरातली बरणी नको, लॅबची स्वच्छ बाटली घ्या. सुरुवातीची धार सोडून मधली धार धरा. शक्यतो लॅबमध्येच नमुना द्या, नाहीतर तासाभरात पोचवा. पाळी सुरू असेल किंवा औषधं चालू असतील, तर न लाजता सांगा. तुमच्या मूत्रपिंडाचं दुखणं वेळेत कळणं यावर अवलंबून आहे.