कबुतराने फळ गिळलं, बी कुठे गेली?

वडाची फळं पिकली की हरियालांचा थवा झाडावर येतो, पण तो नजरेला पडत नाही. एखादी डहाळी हलते, अर्धवट पिकलेलं फळ टपकन खाली पडतं, एवढाच सुगावा. मग कशाची तरी चाहूल लागते, आणि जिथे नुसती पानं दिसत होती तिथून दहा-वीस पक्षी भर्रकन उडतात. हिरवट-पिवळ्या अंगाचा आणि पिवळ्या पायांचा हा हरियाल, म्हणजेच हरोळी, महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे. पारव्यासारखा तो घुमत नाही, गोड शीळ घालतो.

फळं खाणारा पक्षी म्हणजे बिया पेरणारा पक्षी, असं आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. हरियालाच्या बाबतीत ते बहुतांशी खरं नाही. वडा-उंबरावर इतक्या निष्ठेने येणारा हा पक्षी त्यांच्या बिया पोटात दळून टाकतो. त्याचेच काही भाऊबंद मात्र सुपारीएवढ्या बिया धक्का न लावता मैलोन् मैल नेतात. कूळ एकच, आहार जवळजवळ एकच, आणि झाडाच्या दृष्टीने परिणाम अगदी उलटे. हे कसं होतं ते पाहण्यासारखं आहे.

कबुतराच्या कुळातले पक्षी फळ सोलत बसत नाहीत, ते सहसा अख्खंच गिळतात. गिळलेलं फळ आधी गळ्याखालच्या अन्नपुटात साठतं. तिथून ते पाचकरस असलेल्या जठरात जातं आणि पुढे पेषणीत उतरतं. कोंबडीच्या दुकानात कलेजीबरोबर जो ‘पेटा’ मिळतो, ती ही पेषणी. बीचं भवितव्य तिथे ठरतं.

हरियालाची पेषणी जाड, दणकट स्नायूंची असते आणि तो वाळूचे खडेही गिळतो. स्नायू आवळले की ते खडे जात्यासारखे फिरतात आणि वडाच्या बारीक बिया भरडल्या जातात. गराबरोबरच त्याला या बियांतूनही पोषण मिळतं. मलेशियाच्या सखल जंगलात उंबरवर्गीय झाडांवर येणाऱ्या कबुतरांचा अभ्यास फ्रँक लॅम्बर्ट यांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केला. हिरवी कबुतरं प्रामुख्याने बियांचा नाश करणारी आहेत, हे त्यातून पुढे आलं. वडाचं यात फार बिघडत नाही, कारण एकेका फळात बिया पुष्कळ आणि गिऱ्हाइकंही पुष्कळ. तांबट, बुलबुल, धनेश आणि वटवाघळं त्या बिया शाबूत बाहेर टाकतात.

आता दुसरं टोक पाहू. पक्षीनिरीक्षक ज्यांना इम्पीरियल पिजन म्हणतात ती मोठी रानकबुतरं सह्याद्रीच्या दक्षिण भागापासून थेट न्यू गिनीपर्यंत आढळतात. त्यांच्या खालच्या जबड्याची हाडं बाजूला फाकतात, त्यामुळे चोचीच्या मानाने अवाढव्य फळही घशाखाली जातं. आणि पेषणी? पातळ भिंतींची, मऊ, खड्यांशिवायची. तिथे फक्त गर सुटतो आणि कठीण बी तशीच पुढे सरकते. आतडंही आखूड आणि रुंद असल्यामुळे ती अडकत नाही.

जायफळ हे याचं सर्वांत देखणं उदाहरण. पिकलेलं फळ उकलतं तेव्हा काळपट बीभोवती लालभडक जायपत्री दिसते. कबुतराला हवी असते ती ही जायपत्री, बी तिच्याबरोबर पोटात जाते इतकंच. इंडोनेशियातली बांदा बेटं ही जायफळाची मूळ भूमी. आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी ‘द मलाय आर्किपेलॅगो’ या 1869 च्या ग्रंथात तिथल्या कबुतराबद्दल लिहून ठेवलं आहे: पक्षी जायपत्री पचवतो आणि बी जशीच्या तशी बाहेर टाकतो.

या गटातली पांढरी-काळी कबुतरं रात्री लहान बेटांवर मुक्काम करतात आणि चरायला समुद्र ओलांडून जातात. त्यांच्या पोटातली बीही समुद्र ओलांडते. 1883 च्या ज्वालामुखी स्फोटाने इंडोनेशियातलं क्राकाताऊ बेट ओसाड झालं. पुढे तिथे जे जंगल उभं राहिलं, त्यातल्या कितीतरी झाडांच्या बिया फळखाऊ पक्ष्यांनी आणि वटवाघळांनी आणल्या होत्या.

या सगळ्यांपेक्षा निराळं ते निकोबारी कबूतर. 2002 मधल्या डीएनए अभ्यासानुसार आज जिवंत असलेल्या पक्ष्यांत ते डोडोचं सर्वांत जवळचं नातेवाईक ठरतं. ते जमिनीवर चरतं, आणि त्याची पेषणी एवढी ताकदवान की टणक बियाही फुटतात.

फळांवर जगण्यात एक अडचण आहे. फळांत प्रथिनं कमी, आणि पिल्लाला वाढायला ती भरपूर लागतात. म्हणून तांबट-बुलबुल पिल्लांना किडे भरवतात. कबुतरांनी वेगळीच वाट काढली. अंडी उबवण्याच्या शेवटच्या दिवसांत नर आणि मादी दोघांच्याही अन्नपुटाचं अस्तर जाड होतं. त्यातल्या पेशी प्रथिनं आणि चरबीने भरून सुटतात आणि दह्यासारखा दाट पदार्थ तयार होतो. हेच कबुतराचं दूध. ते बनवायला लावणारं संप्रेरक प्रोलॅक्टिन, आईच्या दुधामागेही तेच असतं. पहिले काही दिवस पिल्लू फक्त या दुधावर असतं, मग हळूहळू फळं मिसळली जातात. बापही दूध पाजतो, ही मला या कुळातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

पण अंडी मोजकीच. हरियालाची सहसा दोन, इम्पीरियल पिजनचं बहुधा एकच, तेही चार काटक्यांच्या विरळ घरट्यात. त्यामुळे शिकारीने घटलेली संख्या लवकर भरून येत नाही. वडाच्या बारीक बिया न्यायला बुलबुलही पुरतो. जायफळाच्या कुळातल्या मोठ्या बिया गिळू शकणारे पक्षी मात्र थोडेच, मुख्यतः धनेश आणि ही मोठी कबुतरं. ज्या जंगलात या दोघांचीही शिकार होते, तिथे या झाडांच्या बहुतेक बिया आईच्या सावलीतच पडतात, आणि तिथल्या दाटीत, किडी-उंदरांच्या तावडीत फार थोडी रोपं तग धरतात.