वाढदिवस नेमका कुणाचा?

वाढदिवस म्हटला, की आता आपल्या डोळ्यांसमोर केक येतो. त्यात गैर काही नाही. केकवर वयाच्या वर्षांइतक्या मेणबत्त्या लावायची चाल जर्मनीत १८व्या शतकात दिसते. पुढे ती जगभर गेली आणि आपल्या गल्लीतल्या बेकरीपर्यंत पोचली. पण त्याखेरीज अनेक समाजांचा वाढदिवसाचा म्हणून स्वतःचा एक पदार्थ असतो, आणि त्यामागे बहुधा एखादी इच्छा असते.

चीनमध्ये वाढदिवसाला लांबच लांब नूडल्स वाढतात. त्या मध्येच तोडायच्या नाहीत. नूडल जितकी लांब, तितकं आयुष्य लांब! आफ्रिकेतल्या घाना देशात वाढदिवसाच्या सकाळी ‘ओतो’ करतात. आपल्या कोनफळासारखा कंद उकडून, कुस्करून त्यात लाल पामतेल घालायचं आणि वर उकडलेली अंडी ठेवायची. आपल्याकडेही जुन्या घरांमधून तिथीनं वाढदिवस होई. अभ्यंगस्नान, औक्षण आणि मग चिरंजीव मार्कंडेयाचं स्मरण करून तीळ-गूळ घातलेलं अर्धी ओंजळ दूध प्यायचं. नूडल्स काय किंवा तीळ-गुळाचं दूध काय, मागणं एकच. पुढचं आयुष्य मोठं असू दे.

मागे वळून पाहणारा वाढदिवसाचा पदार्थ मला भेटला तो पुण्यात, आमच्याच इमारतीत. नोकरीधंद्यानिमित्त बरीच कोरियन कुटुंबं पुण्यात राहतात. त्यांतलंच एक आमच्या वरच्या मजल्यावर होतं. त्या बाईंचा वाढदिवस आहे असं कळलं, म्हणून मी केक घेऊन गेले. पाहते तर त्या एकट्याच टेबलाशी बसून वाडग्यातलं काळपट हिरवं सूप भाताबरोबर खात होत्या. मला वाटलं, बरं नाही की काय! त्या हसल्या. म्हणाल्या, कोरियात वाढदिवसाला हेच खातात.

त्याचं नाव मियोकगुक. मियोक म्हणजे एक समुद्री शेवाळ आणि गुक म्हणजे आपल्या सारासारखा पातळ पदार्थ. हे शेवाळ वाळवलेलं मिळतं. मूठभर पाण्यात भिजत घातलं, की फुगून पातेलं भरतं. ते तिळाच्या तेलात लसणाबरोबर परतायचं, सोया सॉस घालायचा, पाणी घालून चांगलं उकळायचं. बहुतेक घरांत त्यात मांस किंवा शिंपल्या असतात. त्यांच्याशिवायही ते होतं.

पण वाढदिवसाला शेवाळाचं सूप का? तर कोरियात बाळंतिणीला पहिलं जेवण देतात ते भात आणि हे सूप. पुढे जवळजवळ २१ दिवस तिला ते रोज मिळतं. शेवाळात आयोडीन आणि कॅल्शियम भरपूर असतं. (आयोडीनचा अतिरेक थायरॉइडला बरा नाही, असं आताचे डॉक्टर बजावतात, ही गोष्ट वेगळी.) आपल्या सटवाईसारखी तिकडे बाळाची राखण करणारी सामशिन ही आजीदेवता आहे. तिलाही भात आणि हेच सूप दाखवतात. व्यालेली देवमाशाची मादी शेवाळ खाते हे पाहून माणसांनी ते बाळंतिणीला द्यायला सुरुवात केली, अशी एक जुनी कथाही सांगतात.

एका दिवशी मात्र हे सूप वर्ज्य, आणि तो म्हणजे परीक्षेचा दिवस! शेवाळ बुळबुळीत, त्यामुळे पाय घसरतो म्हणे. कोरियन बोलीत ‘मियोकगुक खाल्लं’ याचा अर्थच ‘नापास झाला’.

तर मंडळी, आपल्याला जन्म देऊन आईनं जे खाल्लं, तेच तिथलं माणूस दर वाढदिवसाला खातं. ‘आज मियोकगुक खाल्लं का?’ असं एकमेकांना विचारतात. शेजारीणबाई म्हणाल्या, “आई होती तोवर ती करायची. आता मी माझी करते. तो दिवस तिचाही होता ना!”

ते वाक्य घेऊनच मी खाली आले. माझी आई तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. मी विचारलं, “आई, मी झाले तेव्हा तू काय खाल्लंस गं?”

ती माझ्याकडे पाहतच राहिली. मग सांगू लागली. दोन दिवस कळा देत होती. आजीनं डिंक तळून, खारीक-खोबरं कुटून लाडू केले होते. रोज सकाळी अळिवाची खीर, जेवणानंतर बाळंतशेपा. खिरीत गूळ जास्त पडला होता, हेसुद्धा तिला आठवत होतं. तासभर बोलत होती. शेवटी म्हणाली, “इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही, बाई.”

माझे पन्नासच्या वर वाढदिवस झाले होते. प्रत्येक वेळी औक्षण तिनं केलं, गोडधोड तिनं केलं आणि शुभेच्छा मी घेतल्या.

त्या वर्षीच्या वाढदिवसाला मी अळीव भिजत घातले. दूध, गूळ, ओलं खोबरं घालून खीर केली आणि पहिली वाटी आईपुढे ठेवली. तिनं चमचाभर चाखली आणि म्हणाली, “गूळ कमी झालाय.”

आई आता नाही. खीर मात्र दर वर्षी होते, गूळ थोडा जास्त घालून. तुमच्या घरी वाढदिवसाला केक जरूर आणा. मात्र ज्यांची आई जवळ आहे, त्यांनी त्या दिवशी तिला एवढं जरूर विचारा : मी झालो तेव्हा तू काय खाल्लंस?