अजिंठ्याचा कारागीर : शास्त्रज्ञ की कलावंत?

विज्ञान मोजते आणि कला कल्पिते, अशी विभागणी आपल्याकडे सर्रास केली जाते. अजिंठ्याच्या अपूर्ण राहिलेल्या २४ व्या लेण्यात, पाचव्या शतकातील त्या विहारात, ती टिकत नाही असे आम्हांस वाटते. बांधकामात चुकलेली वीट काढता येते. खोदकामात उडालेला दगड पुन्हा बसत नाही. स्तंभ कोठे उभा राहणार, हे घाव घालण्यापूर्वीच मनात दिसावे लागे. तेथील अर्धवट घडलेले स्तंभ पाहता हे सहज ध्यानी येते. त्याच कारागिराला कातळाचा कठीणपणा आणि भेगा यांचीही पारख हवी. मग यांतील कल्पना कोणती व गणित कोणते? चित्रांसाठी तर मातीच्या गिलाव्यात भाताचा कोंडा व वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत, सुकताना गिलावा तडकू नये म्हणून.