आधी गंधक, मग नायट्रोजन

रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराला गंधक परका नाही. मोहरावर भुरी दिसली की तो गंधकाची फवारणी करतो. मात्र त्याच बागेतला हापूस वाशीच्या बाजारात नेणाऱ्या नव्या ट्रकला डिझेलमधला गंधक मानवत नाही. असे का?

इंजिनात डिझेल जळताना तापमान फार वाढते. त्या उष्णतेत हवेतील नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. सूर्यप्रकाशात त्यांच्यामुळे जमिनीलगत ओझोन निर्माण होतो. तो फुफ्फुसांना आणि पिकांनाही अपायकारक असतो.

ही ऑक्साइडे काढून टाकण्यासाठी ट्रकमध्ये युरियाच्या ३२.५ टक्के द्रावणाची वेगळी टाकी असते. तप्त धुरात युरियापासून अमोनिया मिळतो. मग उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर नायट्रिक ऑक्साइडचे ४ रेणू, अमोनियाचे ४ व ऑक्सिजनचा १ यांपासून नायट्रोजनचे ४ आणि पाण्याचे ६ रेणू बनतात.

येथे गंधक आडवा येतो. इंधनातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो. त्याचा काही भाग उत्प्रेरकामुळे सल्फर ट्रायऑक्साइडमध्ये बदलतो. अमोनिया व वाफेशी त्याचा संयोग झाला की अमोनियम बायसल्फेट हे चिकट लवण तयार होते. धूर पुरेसा गरम नसेल तर ते उत्प्रेरकाच्या छिद्रांत साचते आणि अमोनियाचे काम मंदावते. उत्प्रेरक खूप तापवल्यास हे लवण बरेचसे सुटते, पण त्यासाठी जादा डिझेल जाळावे लागते.

गंमत अशी, की ज्वालेत गंधकाचे वर्तन कधी कधी उलट असते. तेथे सल्फर डायऑक्साइड ऑक्सिजन-हायड्रोजनचे चंचल अणू कमी करतो, त्यामुळे नायट्रिक ऑक्साइड किंचित कमी बनतो. प्रयोगशाळेत असे आढळले आहे. परंतु हा लाभ लहान, उत्प्रेरकाचे नुकसान मोठे.

म्हणूनच १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ नियम लागू झाले, तेव्हा वाहनांबरोबर इंधनही बदलले. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० वर आली. अशा डिझेलमध्ये गंधकयुक्त इंधनाची भेसळ झाली, तर युरियाची टाकी भरलेली असूनही धूर पुरेसा शुद्ध होणार नाही.

वरील अभिक्रियेचे समीकरण विद्यार्थ्यांकडून फळ्यावर लिहून घ्यावे व दोन्ही बाजूंचे अणू मोजायला सांगावे. नंतर विचारावे : जुन्या, उत्प्रेरक नसलेल्या ट्रकमध्ये हेच डिझेल घातले, तर कोणता प्रदूषक घटेल आणि कोणता जवळजवळ तसाच राहील?