ड्रायरचं दार लागत नाही तेव्हा

आम्ही आकुर्डीच्या बचत गटातल्या अकरा जणी. आकुर्डी म्हणजे पिंपरी-चिंचवडमधलं गाव. आता नावालाच गाव, चारी बाजूंनी कारखाने आहेत. आमचा धंदा धुलाईचा. लहान वर्कशॉपचे युनिफॉर्म, कँटीनचे टेबलक्लॉथ, मंगल कार्यालयाच्या चादरी आम्ही धुतो, वाळवतो आणि इस्त्री करून पोचवतो. पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओलेच राहतात, वास मारतो. म्हणून गटाच्या कर्जातून आम्ही एक जुना ड्रायर घेतला. पुढून गोल दार, आत फिरणारा ड्रम आणि गरम हवा, असं ते यंत्र. आज त्याच्या दाराबद्दल बोलायचं आहे.

ज्येष्ठाच्या वद्य पक्षात तुकोबांची पालखी देहूहून निघते. देहू सोडल्यावरचा पहिला मुक्काम आमच्या आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. त्या दिवसांत गावात वारकऱ्यांची दाटी असते आणि आमच्याकडे चादरींचा ढीग. अशाच एका वर्षी पालखीला दोन दिवस उरले होते, बाहेर पाऊस लागलेला, आणि ड्रायरचं दार लागेना. ढकललं की टेकायचं, हात काढला की परत उघडायचं. दार लागल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. शंभरावर चादरी ओल्या.

सल्ले द्यायला सगळी गल्ली जमली. कुणी म्हणालं, दोरीने बांधा. कुणी म्हणालं, चिकटपट्टी लावा. वायरिंगचं काम करणारा ओळखीचा एक मुलगा म्हणाला, "काकू, दाराच्या आत एक स्वीच असतो. त्याच्या दोन वायरी एकमेकींना जोडून देतो. मग दार लागो न लागो, मशीन पळेल." आम्हाला हायसं वाटलं. पण आमच्यातली एक जण पुढे झाली आणि तिने त्याचा हातच धरला. तिचे मालक प्रेस शॉपमध्ये कामाला होते. तिथल्या प्रेसला हाताआड येणारी जाळी होती. जाळी खाली आल्याशिवाय प्रेस पडायचा नाही. नग लवकर निघावेत म्हणून कुणीतरी ती जाळी वर बांधून ठेवली आणि तिचा स्वीच वायरीने जोडून दिला. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धी गेली. ती एवढंच म्हणाली, "तिथेही असंच म्हणाले होते. दोन वायरी जोडू, मशीन पळेल."

वायरी जोडल्या नाहीत. चादरींचं काय झालं ते पुढे सांगतोच. आधी हा स्वीच तिथे का असतो ते समजून घेऊ.

कारखान्यात यंत्राचा फिरणारा, दाबणारा भाग झाकलेला असावा, असा नियम आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यातलं २१ वं कलम त्यासाठीच लिहिलं गेलं. घरच्या यंत्राला कुणी तपासायला येत नाही, म्हणून बनवणाऱ्याने तीच सोय दारात केलेली असते. दाराच्या चौकटीत एक छोटं बटण असतं. दार पूर्ण लागलं की ते दाबलं जातं आणि वीज पुढे जाते. दार उघडलं की बटण सुटतं, वीज तुटते, ड्रम थांबतो. साडीचा पदर, वेणी, ओढणी किंवा लेकराचा हात फिरत्या ड्रमपर्यंत पोचू नये, एवढंच त्याचं काम. म्हणून यंत्र सुरू होत नाही तेव्हा स्वीचवर रागवायचं नाही. दार का लागत नाही ते शोधायचं.

दोरीने बांधणंही चांगलं नाही. आत जळका वास आला तर दार क्षणात उघडता आलं पाहिजे. लहान मूल खेळता खेळता आत शिरलं तर त्याने ढकलून दार उघडावं, अशा बेताने बहुतेक घरगुती ड्रायरचा खटका केलेला असतो. दोरी बांधली की ती वाट बंद. चिकटपट्टी उष्णतेने सुटते. आणि फटीतून गरम हवा बाहेर गेली तर कपडे वाळायला वेळ लागतो. आमच्या ड्रायरवर २००० वॅट लिहिलंय, म्हणजे पूर्ण तासभर तापला तर साधारण २ युनिट वीज.

आता दुरुस्ती. सगळ्यात आधी प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. ड्रायर गार होऊ द्यायचा, हात कोरडे करायचे. पत्र्याच्या कडा धारदार असतात, जपून हात घालायचा.

पहिलं बघायचं ते कपडे. ड्रम गच्च भरला की कपडेच दार बाहेर ढकलतात. एप्रनची नाडी किंवा चादरीचं टोक दारात अडकलेलं असतं. थोडे कपडे काढून दार लावून बघा. पुष्कळदा काम इथेच होतं.

दुसरं, खटक्याची खाच. दाराला एक धातूची जीभ असते आणि चौकटीत तिच्यासाठी खाच. खाचेत स्प्रिंगचे दोन चिमटे असतात, ते जिभेला धरतात. कपड्यांतून निघणारी लव या खाचेत साचून घट्ट बसते, मग जीभ आत जात नाही. जुन्या दात घासायच्या ब्रशने ती काढा. तेल मात्र घालू नका. तेलाला लव आणखी चिकटते, आणि तेलकट लव गरम जागी असणं म्हणजे आगीला आमंत्रण.

तिसरं, दाराच्या कडेचं रबर किंवा नमदा. तो दुमडला असेल तर दार पूर्ण टेकत नाही. बोटाने सरळ करून बसवा.

चौथं, जीभ नेमकी कुठे लागते ते बघा. यासाठी आमची एक युक्ती आहे. जिभेच्या टोकाला थोडं ओलं कुंकू लावा, दार हलकेच टेकवा आणि उघडा. खाचेच्या मधोमध डाग पडला तर जीभ जागेवर आहे. डाग खाली पडला तर दार खाली उतरलंय. बाजूला पडला तर जीभ वाकली आहे. वाकलेली जीभ पकडीने हळूहळू सरळ करता येते, सैल असेल तर स्क्रू आवळायचा. डाग लगेच पुसून टाका, नाहीतर चादरीला लागेल.

पाचवं, बिजागरी. दार उघडून दोन्ही हातांनी वर उचलून बघा. खडखड हललं तर बिजागरीचे स्क्रू सैल आहेत. दाराखाली पुठ्ठ्याच्या घड्या ठेवून दार योग्य उंचीवर आणा आणि मग स्क्रू आवळा. दाराचं वजन हातावर घेऊन आवळायला गेलात तर दार पुन्हा तिरकं बसतं.

सहावं, खटका. चिमट्याला चीर गेली असेल किंवा स्प्रिंग ढिली झाली असेल तर तो बदलावाच लागतो. काही खटके दोन्ही बाजूंच्या कळा दाबल्या की बाहेर येतात, काहींना स्क्रू असतात. दुकानात जाताना जुना खटका बरोबर न्या, आणि यंत्राच्या मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर लिहून न्या. डोळ्यांना सारखे दिसणारे खटके मापात वेगळे निघतात.

आमच्या ड्रायरचा डाग खाली पडला. बिजागरी उतरलेली होती. जीभ रोज खाचेच्या खालच्या कडेवर आपटत होती, आणि त्यानेच चिमट्याला चीर गेली होती. नुसता खटका बदलला असता तर तोही तुटला असता. बिजागरी का उतरली, तेही आम्हाला त्याच दिवशी उमगलं. ओल्या कपड्यांची पाटी आम्ही सवयीने उघड्या दारावर टेकवत होतो. एवढं वजन त्या दाराने सोसायचं नसतं.

खटका दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाला. तोवर कार्यालयाच्या हॉलमध्ये दोऱ्या बांधल्या, सगळे पंखे लावले, आणि रात्रभर पाळीपाळीने इस्त्री फिरवली. वीसेक चादरी पालखी आल्यावर पोचल्या. कार्यालयाच्या मालकांनी बोलून दाखवलं, आम्ही ऐकून घेतलं.

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे एवढा ड्रायर. पण गावात आता पुष्कळ घरी दोन टबांचं मशीन आहे. त्याच्या पिळण्याच्या टबालाच आपण ड्रायर म्हणतो. त्यात गरम हवा नसते, पण टब मिनिटाला हजारावर फेरे घेतो. त्याच्या झाकणाखालीही असाच स्वीच असतो, आणि झाकण उघडलं की ब्रेक लागून टब थांबतो. झाकणाच्या बिजागरीपाशी प्लॅस्टिकची एक दांडी असते. ती तुटली की स्वीच दाबला जात नाही, टब फिरत नाही. मग लोक तिथे काडी खोचतात किंवा वायर जोडून घेतात. पुढे झाकण उघडलं तरी टब फिरतच राहतो, आणि कपडे काढायला घाईने हात आत जातो. ओला कपडा हाताभोवती गुंडाळला गेला तर हात सोडवता येत नाही. मैत्रिणींनो, झाकण नवं घ्या किंवा दांडी बदला, पण काडी खोचू नका.

दुरुस्ती झाल्यावर एक परीक्षा घ्यायचीच. यंत्र सुरू करा आणि जरा दूर उभं राहून दार उघडा. ड्रम थांबलाच पाहिजे. ड्रायरचं दार परत लावल्यावर बटण दाबल्याशिवाय तो आपणहून फिरू लागता कामा नये. दार उघडं असूनही ड्रम फिरत असेल तर प्लग काढा आणि जाणत्या मेकॅनिकला बोलवा. दार नीट लागतंय पण यंत्र सुरू होत नाही, तरीही मेकॅनिकच. आतला स्वीच आपण उघडायचा नाही.

आम्ही आता दर सोमवारी काम सुरू करण्याआधी ही परीक्षा घेतो. घेणारी प्रत्येक वेळी वेगळी असते, म्हणजे अकराही जणींना ती येते. तुमच्या घरी मशीन असेल तर आज कपडे पिळायला टाकाल तेव्हा झाकण उघडून एकदा बघा, टब थांबतो का. थांबला नाही तर ओले कपडे हाताने पिळा, आणि मशीन दुरुस्त होईपर्यंत प्लग काढूनच ठेवा.