हातातलं यंत्र (लेखांक ६) : एमसीबी तारेसाठी असते, माणसासाठी नाही

मागच्या लेखात आपण ग्राइंडरची चकती, तिचं गार्ड आणि उडणारे तुकडे यांबद्दल बोललो. चकतीची निदान भीती तरी वाटते. आजचा धोका वायरीतून येतो. त्याला आवाज नाही, वास नाही, आणि यंत्र झकास चालत असतानाही तो हजर असतो.

फरशीचं काम चालू असलेली कुठलीही इमारत घ्या. जिन्याखालच्या तात्पुरत्या बोर्डावरून वायर ओढलेली असते. तिला पिन नसते. तारांची टोकं सोलून, पिळून सॉकेटच्या भोकांत खोचलेली आणि निसटू नयेत म्हणून वरून आगपेटीच्या काड्या ठोकलेल्या. अर्थच्या भोकात काहीच नाही. वाटेत दोन जॉइंट; एकावर काळी टेप, दुसऱ्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली. टोकाला मार्बल कटर. धूळ बसावी म्हणून एक पोरगा झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून त्यावर पाण्याची धार सोडतोय, आणि कटर चालवणारा ओल्या कोब्यावर अनवाणी उकिडवा बसलाय. हटकलं तर उत्तर ठरलेलं : "एमसीबी आहे ना, काही झालं तर पडेल."

हा भरवसा कुठे चुकतो, ते आकडे मांडून बघू.

किती करंट पुरतो?

अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर. हातातून १ मिलिअँपिअर गेला तर नुसत्या मुंग्या येतात. १० च्या आसपास हाताचे स्नायू आखडायला लागतात. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून ही मर्यादा मोजली. माणसाला हात सोडवून घेता येईल असा जास्तीत जास्त करंट पुरुषांमध्ये सरासरी १६ आणि स्त्रियांमध्ये साडेदहा मिलिअँपिअर भरला. त्यापुढे मूठ उघडतच नाही. 'करंटने धरून ठेवलं' असं लोक म्हणतात ते हेच. हातात यंत्र असेल तर ही मूठ यंत्रावरच आवळली जाते आणि बोट बटणावरून निघत नाही. आणखी वर गेलं की श्वास अडकतो, आणि ५० मिलिअँपिअरच्या पुढचा करंट छातीतून सेकंदभर वाहिला तरी हृदयाची लय बिघडून ते नुसतं थरथरत राहण्याचा धोका असतो.

आता आपला पुरवठा २३० व्होल्टचा. हातापासून पायापर्यंत शरीराचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर करंट होतो २३० मिलिअँपिअर. ओल्या हातापायांना त्याहून जास्त. म्हणजे जीव घ्यायला पुरेसा. पण ६० वॅटचा साधा बल्बसुद्धा याहून जास्त, साधारण २६० मिलिअँपिअर करंट घेतो. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या लेखी तुम्ही म्हणजे एक मिणमिणता बल्ब. ती पडायचं कारणच नाही. एमसीबी बसवतात ती जादा भाराने किंवा शॉर्ट सर्किटने भिंतीतली वायर जळू नये म्हणून, आणि तेवढं काम ती चोख करते.

अर्थिंग आहे, पण कसं आहे?

धातूच्या बॉडीच्या यंत्राला तीन तारांची वायर असते. आतली फेज सुटून बॉडीला टेकली, तर अर्थच्या तारेतून भरपूर करंट वाहावा आणि एमसीबी पडावी, ही योजना. तीन पिनांतली अर्थची पिन लांब असते ती यासाठीच : लावताना ती सगळ्यात आधी जुळते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. बोर्डात बसेना म्हणून ती कापून टाकणारे, किंवा दोनच भोकांचा कन्व्हर्टर लावणारे, ही सगळी योजना एका फटक्यात मोडीत काढतात.

पण पिन शाबूत असली तरी प्रश्न मिटत नाही. आपल्याकडच्या अनेक घरांचं अर्थिंग आवारातल्या स्वतःच्या खड्ड्यावर असतं. समजा, त्या खड्ड्याचा रोध २० ओहम आहे. कोकणातल्या जांभ्यावर किंवा देशावरच्या काळ्या दगडात, तेही एप्रिल-मे महिन्यात, हा आकडा अजिबात नवलाचा नाही. फेज बॉडीला टेकली की करंट वाहणार २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरची एमसीबी ढिम्म हलत नाही, आणि यंत्राची बॉडी जवळजवळ २३० व्होल्टवर तशीच राहते. खड्डा ५ ओहमचा असला तर ४६ अँपिअर वाहतात. तरीही ही एमसीबी तत्क्षणी पडेलच असं नाही. तिला काही सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. ज्याने यंत्र धरलंय त्याच्याकडे तेवढा वेळ नसतो.

इथे एक जुनी खात्री तपासून घ्यायला हवी. फेज आणि अर्थ यांच्यात १०० वॅटचा बल्ब लावायचा, तो पेटला की 'अर्थिंग एक नंबर' म्हणायचं, ही पद्धत अजून चालते. पेटलेल्या बल्बचा रोध सुमारे ५३० ओहम. खड्डा ५० ओहमचा, म्हणजे अगदीच टाकाऊ असला, तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो छान उजळतो. आणि अर्थची तार मध्येच तुटलेली असेल, तर त्या बल्बमधूनच फेज घरभरच्या अर्थला पोचते. खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरनेच मोजावा लागतो, आणि ते काम लायसन्सधारक वायरमनचं. काही जण तर खड्डाच नको म्हणून सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकतात. मागे कुठे न्यूट्रल तुटली की यंत्राची अख्खी बॉडी फेजवर येते.

चौकोनात चौकोन

हल्लीच्या बहुतेक ड्रिल आणि ग्राइंडरना मुळात दोनच तारा असतात. हा दोष नव्हे. अशा यंत्राच्या पट्टीवर एका चौकोनात दुसरा चौकोन काढलेला दिसेल. ही दुहेरी इन्सुलेशनची खूण. आतल्या तारांवर एक आवरण आणि त्यापलीकडे स्वतंत्र दुसरं; एक गेलं तरी दुसरं टिकावं, असा हिशेब. अशा यंत्राला अर्थ लागत नाही.

मात्र हे संरक्षण यंत्र कोरडं आणि स्वच्छ असेपर्यंतच. मार्बल कटरच्या हवेच्या जाळीतून पाण्याचा गाळ आत जातो. ग्राइंडरमध्ये लोखंडाची भुकटी साचते, त्यात मोटरचे कार्बन झिजून पडलेली पूड मिसळते, आणि या थरातून करंटला वाट मिळते. म्हणून काम संपल्यावर पिन काढून जाळी ब्लोअरने साफ करणं हा सुरक्षेचाच भाग आहे.

दुसरी मर्यादा भिंतीत लपलेली असते. बिट आतल्या चालू वायरीला भिडलं, तर चक आणि पुढचा धातूचा गिअरबॉक्स फेजवर येतो. तिथे यंत्राचं इन्सुलेशन तुमच्यासाठी काही करू शकत नाही. ड्रिल नेहमी प्लास्टिकच्या मुठींवरच धरायचं. जोर यावा म्हणून पुढे धातूला हात लावायचा नाही. वायरींचे पाइप सहसा बोर्डापासून सरळ वर, खाली किंवा आडवे गेलेले असतात. त्या रेषांत भोक पाडणं टाळा, आणि टाळता येत नसेल तर त्या भागाचा मेन बंद करून ड्रिलला दुसरीकडून लाइन घ्या.

जमा-खर्च जुळला नाही की बंद

मग माणसासाठी आहे काय? आरसीसीबी. हिचं काम चोख मुनिमासारखं : फेजमधून किती गेलं आणि न्यूट्रलमधून किती परत आलं, एवढंच ती बघत बसते. दोन्ही सारखे असतील तर ठीक. फरक पडला, म्हणजे काही करंट भलत्याच वाटेने, बहुधा कुणाच्या तरी अंगातून, जमिनीत गेला. ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीने तेवढ्या गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत, आणि १५० मिलिअँपिअरला ४० मिलिसेकंदांच्या आत लाइन तोडायची असते. आपला २० ओहमचा नापास खड्डासुद्धा हिला चालतो, कारण साडेअकरा अँपिअर म्हणजे तिच्यासाठी प्रचंड गळती.

अमेरिकेत अशाच तत्त्वावरचं, त्याहून संवेदनशील यंत्र १९६१ साली याच डॅल्झिएल यांनी तयार केलं. तिथली उपकरणं ५ मिलिअँपिअरच्या आसपास तुटतात. ब्रिटनने बांधकामांवर वेगळा तोडगा काढला : ट्रान्सफॉर्मर लावून यंत्रं ११० व्होल्टवर चालवायची, आणि त्याच्या वेटोळ्याचा मधला बिंदू अर्थ केलेला, त्यामुळे कुठलीही एक तार जमिनीच्या तुलनेत ५५ व्होल्टच.

आरसीसीबी घेताना तिच्यावरचा आकडा वाचा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरची मिळते ती गळतीमुळे लागणाऱ्या आगीसाठी. हातातल्या यंत्रासाठी ३० चीच हवी. तिच्यावरचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबा. नाही पडली तर ती बदला. 'सारखी पडते' म्हणून तिला बायपास करणारे वायरमन भेटतात. ती पडते त्यामागे ओल लागलेला गिझर, दोन सर्किटांची एकत्र केलेली न्यूट्रल, असं काहीतरी कारण असतं. ते शोधायला सांगा. आणि हेही लक्षात असू द्या : एका हातात फेज, दुसऱ्या हातात न्यूट्रल असेल, तर हिशेब जुळतो आणि आरसीसीबी गप्प बसते. शिवाय तुटण्याआधीचा झटका बसतोच. शिडीवर असाल तर त्याने खाली पडाल.

गुंडाळलेली वायर

एक्स्टेंशनची वायर यंत्राइतकीच बघून घ्यावी लागते. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे २६ ओहम. ३० मीटर लांबीत करंट जाऊन परत येतो, म्हणजे ६० मीटर, म्हणजे दीड ओहमच्या वर. भिंत फोडायचा २००० वॅटचा ब्रेकर ९ अँपिअरच्या आसपास घेतो. हिशेब केला तर या वायरीत सव्वाशे वॅट उष्णता तयार होते. ती लांब पसरलेली असेल तर निभावतं. रिळावर गुंडाळलेली असेल तर आतली वेटोळी तापतात, आवरण मऊ पडतं आणि तारा एकमेकींना चिकटतात. अशा यंत्रांना किमान १.५ चौरस मिलिमीटरची, तीन तारांची, पूर्ण उलगडलेली वायर आणि १६ अँपिअरचा सॉकेट लागतो. कॉम्प्युटरचा स्पाइक गार्ड या कामाचा नाही.

आणि तरीही कुणाला करंटने धरलंच, तर त्याच्या अंगाला हात लावू नका. आधी बटण किंवा मेन बंद करा. ते जवळ नसेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडाने वायर बाजूला करा. श्वास चालत नसेल तर लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ फिरवायला सांगा. माणूस उठून 'बरा आहे' म्हणाला, तरी त्याला डॉक्टरांकडे न्या. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

ही लेखमाला वाचणाऱ्यांतले बरेच जण स्वतः कटर चालवत नसतील. घरात मिस्त्री बोलावत असतील. मिस्त्री यंत्र त्याचं आणतो, पण लाइन तुमच्या बोर्डावरून घेतो. तेव्हा काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी तुमच्या मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का ते बघा, तिचं बटण दाबून बघा, आणि नसेल तर ती बसेपर्यंत कटरला लाइन देऊ नका. काडी खोचलेली वायर दिसली तर पिन बसवल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. यात अर्धा दिवस गेला तर जाऊ द्या.

(पुढच्या आठवड्यात : दगडाची धूळ आणि यंत्रांचा आवाज)